उजेडापुरती

जोझियानने बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात पांघरुणावर ठेवून दिला. पलंग तिचा नव्हता, अंगातलं रेशमी जाकीट तिचं नव्हतं, आणि नर्सने काचेच्या नळीवर चिकटवलेल्या पट्टीवरचं नावही तिचं नव्हतं. सकाळचे साडेसात वाजले होते. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते आणि उशाशी एकच छोटा दिवा लावलेला होता.

"सकाळचा उजेड सोसत नाही वाटतं मादामना?" नर्सने रबरी पट्टी आवळत विचारलं.

"जन्मभर तोंडावर दिवे घेऊन बसलेय मी," जोझियान म्हणाली. एवढं मात्र खरं होतं.

"दंडावर केवढं निळं पडलंय हो."

"दिव्याच्या खांबावर आपटले."

"आणि हे मनगटाजवळ?"

"तोच खांब."

नर्स हसली. पोरगी विशीची होती, पावसातून सायकलवर आली होती, आणि तिला आणखी तीन घरं उरकायची होती. तरी जाताना तिने पिशवीतून एक कागद काढलाच. आईसाठी सही हवी होती. जोझियानने सही केली. चाहत्यांच्या पत्रांना गेली दहा वर्षं उत्तरं तीच लिहीत होती, त्यामुळे आर्लेत व्होक्लेरची सही तिला खुद्द आर्लेतपेक्षा वळणदार येत असे.

न्हाणीघराच्या दाराआड आर्लेत अनवाणी उभी होती. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला तशी ती आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"कशी वठले मी?" तिने विचारलं.

"मादाम, हे माझ्याकडून पुन्हा करून घेऊ नका."

"अगं, सव्वीस वर्षं माझ्याच जागी बसतेयस तू. आज पलंगावर बसलीस, एवढंच."

"तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की ती मी आहे." जोझियानने जाकीट उतरवून नीट घडी घातली. "आणि आधीच सांगून ठेवते. मला कुणी सरळ विचारलं तर मी सांगून टाकीन. मला तोंडावर खोटं बोलणं जमत नाही."

"कोण विचारायला बसलंय तुला," आर्लेत म्हणाली आणि तिच्यासाठी कॉफी करायला स्वतः स्वयंपाकघरात गेली. ती असं क्वचित करायची.

प्रसंगासाठी दिवे लावायचे म्हणजे तास-दीड तास मोडतो. तेवढा वेळ नायिका बसून राहत नाही. तिच्या उंचीची, तिच्या केसांची, तिच्या वर्णाची एक बाई तिच्या जागी बसते, चालते, वळते, आणि दिवेवाले तिच्या चेहऱ्यावर आपलं गणित मांडतात. कॅमेरा सुरू व्हायच्या आत ती उठते. पडद्यावर ती कधीच दिसत नाही. स्टुडिओत तिला बदली म्हणतात. जोझियान लब्रेक ही आर्लेतची बदली होती, आणि आर्लेतने आपल्या करारात तिचं नाव घालून घेतलं होतं. लोक याला मोठेपणा म्हणत. तो थोडाफार होताही.

रक्ताचं प्रकरण असं होतं. फ्रान्समध्ये प्रमुख भूमिका करणाऱ्या माणसाचा विमा उतरवल्याशिवाय कॅमेऱ्यात फीतसुद्धा भरत नाहीत. विमा कंपनीचा डॉक्टर तपासतो, सही करतो, मग सगळं हलतं. आर्लेतला चार वर्षांनी प्रमुख भूमिका मिळाली होती. डॉक्टर तिसरां यांनी तिची छाती ऐकली, रक्तदाब घेतला, तिच्या जुन्या चित्रपटांविषयी पाऊण तास बोलले आणि खूश होऊन गेले. राहिलं होतं फक्त रक्त. आर्लेतची पहिली पांढरी वाइन सकाळी अकराला सुरू व्हायची आणि शेवटची कधी संपायची ते तिलाही आठवत नसे. चार वर्षांपूर्वी ती सेटवर कोसळली होती, चित्रपट गुंडाळावा लागला होता, आणि अशा गोष्टी विमावाले विसरत नाहीत. जोझियान मात्र जेवताना अर्ध्या ग्लासावर थांबणारी बाई. तिचं रक्त पाण्यासारखं स्वच्छ असणार, अशी आर्लेतची खात्री होती.

चार दिवसांनी दुपारी फोन आला तेव्हा आर्लेत स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच नासपती कापून चीजबरोबर खात होती.

"मादाम व्होक्लेर, बसून घ्या जरा," डॉक्टर तिसरां म्हणाले.

"मी नटी आहे, डॉक्टर. वाईट बातमी आम्ही उभ्यानेच ऐकतो."

पलीकडून हसू आलं नाही.

"रक्तात जे दिसायला नको ते दिसतंय. पांढऱ्या पेशी. मी तुम्हाला घाबरवत नाही, पण उद्याच्या उद्या इस्पितळात जा. माझा मित्र आहे तिथे, मी त्याला सांगून ठेवतो. अलीकडे थकवा वाटतो का? दात घासताना हिरड्यांतून रक्त? अंगावर निळे डाग, आठवतही नाही कुठे लागलं ते?"

आर्लेतच्या हातातली सुरी नासपतीत अर्धवट रुतून राहिली. तिला जोझियानचा दंड आठवला.

"नाही गेलं तर?" तिने विचारलं.

"आता गेलात तर पुष्कळ काही करता येईल. दोन महिन्यांनी गेलात तर ते मला विचारू नका."

ती खाली बसली. डॉक्टर बोलत राहिले, धीर देत राहिले, आणि तिला एकदम ओरडून सांगावंसं वाटलं की हा धीर भलत्याच माणसाला देताय तुम्ही. ती बोलली ते निराळंच.

"प्रयोगशाळेची चूक असेल. मला काहीही होत नाहीये, डॉक्टर. पुन्हा घ्या रक्त."

मग नऊ दिवस तिने वाइनला हात लावला नाही. हात थरथरले, घाम सुटला, भिंतीवरच्या फोटोतल्या स्वतःला तिने शिव्या दिल्या, पण तोंडाला थेंब लावला नाही. या वेळी दुसरी, पोक्त नर्स आली, आणि सुई आर्लेतच्या शिरेत गेली. दोनच दिवसांत डॉक्टरांचा फोन आला. आनंदाने त्यांचा आवाज चिरकत होता.

"अगदी ठणठणीत आहात. यकृत थोडं कुरकुरतंय, पण या वयात कुणाचं कुरकुरत नाही? ते मी बघून घेतो. मघाशीच सही केली."

म्हणजे आधीच स्वतःचं रक्त दिलं असतं तरी बहुधा चाललं असतं. आर्लेतने डोळे मिटले.

"नळ्यांची अदलाबदल झालेली असणार," डॉक्टर पुढे म्हणाले. "त्या दिवशीच्या सगळ्या रोग्यांना परत बोलवायला लावलंय मी. चाळीसेक आहेत. त्यांतल्या कुणालातरी आपल्याला काय झालंय याचा पत्ताच नाही बिचारीला. पण सापडेल."

"सापडेल ना?" आर्लेत म्हणाली.

"सापडायलाच हवी."

जोझियानला सांगायचं हे तिने त्याच दिवशी ठरवलं. तिने खरंच ठरवलं होतं, आर्लेतवर उगाच अन्याय नको. पण जोझियान इस्पितळात जाणार, तिथले डॉक्टर विचारणार, बाई, तुम्हाला कळलं कसं, आणि जोझियान सरळ सांगून मोकळी होणार. तिला ते जमत नव्हतं ना. मग विमा रद्द, चित्रपट बंद, वर्तमानपत्रांत नाव, आणि अडुसष्टाव्या वर्षी आर्लेत व्होक्लेरला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. चित्रण सुरू होऊ दे, मग सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. एकदा आठवडाभराचं काम झालं की कुणाला थांबवणं परवडत नाही. पंधरा दिवसांनी काही आकाश कोसळत नाही.

चित्रण सुरू झालं. भूमिका एका शाळामास्तरणीची होती, जी आपल्या घरात आजारी पडते आणि हळूहळू मरते. आजाराचं नाव संहितेत कुठेच नव्हतं. दिग्दर्शक ग्रेगुआर चौतीस वर्षांचा होता आणि फार कमी बोलायचा.

"मला आजार नको, मादाम," त्याने पहिल्या दिवशी सांगितलं. "आजार लपवणारी बाई हवी."

आर्लेतने मान हलवली. जोझियान नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याशेजारच्या खोक्यावर बसून विणत होती. लेकीला फेब्रुवारीत मूल होणार होतं, पहिलंच. पिवळ्या लोकरीचा एवढासा पायमोजा सुयांवर होता.

"चेहरा उतरलाय तुझा, जोझियान," छायालेखक आंसेल्म म्हणाला. तो या दोघींना वीस वर्षं ओळखत होता आणि जोझियानशी भांडल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. "तुझ्यावर लावलेला दिवा आर्लेतला लागू पडेना. तू दोन छटांनी फिकट झालीस."

"वय झालं माझं. तुझं तर कधीच झालंय, म्हणून तुला आता दिसायला लागलं."

"डॉक्टरकडे जाऊन ये."

"चित्रपट संपला की जाते. मध्येच कुठे सुट्टी मागू?"

आर्लेत तीन हात अंतरावर उभी होती. तिच्या ओठांशी शब्द आले होते. तेवढ्यात रंगभूषेवाली आली आणि म्हणाली, "मादाम, आंसेल्म म्हणतोय तुम्हाला जरा फिकट करायला. जोझियानशी जुळवून घेते."

तिने जोझियानला उजेडात बसवलं आणि तिच्या गालाकडे बघत बघत आर्लेतच्या गालावरचा रंग कमी केला. आरशात दोघींचे चेहरे शेजारी दिसत होते. जोझियानच आधी हसली.

"आता आपण बहिणी शोभतो," ती म्हणाली.

आर्लेत रूबे शहराच्या गिरणी वस्तीतली. सोळाव्या वर्षी ती तिथून पळाली, पॅरिसला आली, एका नाटक मंडळीत झाडू मारता मारता रंगमंचावर चढली. शिकलेली नव्हती. तिला जे येत होतं ते तिने माणसांकडून उचललं होतं. इस्त्री करणाऱ्या शेजारणीचा खांदा, पहिल्या नवऱ्याच्या आईची मान वळवायची तऱ्हा, स्टेशनावर कुणाची वाट बघणाऱ्या अनोळखी बाईचे हातमोजे. आई मरत होती तेव्हा तिची बोटं चादरीवर काहीतरी शोधत होती. दोन वर्षांनी तीच बोटं पडद्यावर आली आणि आर्लेतला त्या वर्षीचं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं. धाकटी बहीण त्यानंतर तिच्याशी आजतागायत बोललेली नाही. आर्लेतला यात काय चुकलं ते कधी कळलं नाही. रडताना आपले डोळे उघडे राहतात, हा काय आपला गुन्हा, असं ती म्हणायची.

दुसऱ्या आठवड्यात जिन्याचा प्रसंग होता. मास्तरणीला खाली पाहुण्यांसाठी दार उघडायला उतरायचं असतं. संवाद एकही नाही. स्टुडिओत सोळा पायऱ्यांचा जिना बांधला होता, आणि दिव्यांसाठी सकाळपासून जोझियान तो चढत-उतरत होती.

"पुन्हा एकदा, जोझियान," आंसेल्म खालून म्हणायचा.

जोझियान पुन्हा वर जायची. आर्लेत अंधारात घडीच्या खुर्चीवर बसून बघत होती. आधी तिला तिथून उठून जायचं होतं. उठली नाही. उतरताना तिसऱ्या पायरीवर जोझियान थांबायची. कठड्याला धरायची नाही, धरलं तर लोक बघतील. भिंतीवर एक चित्र लावलं होतं, ते बघतेय असं दाखवायची. मान किंचित कलती करायची, जणू चित्रात काहीतरी आवडलंय. मधल्या वेळात श्वास जमवायची. मग जीभ ओठांच्या आतून हिरडीवर फिरवायची आणि रुमाल तोंडाला लावून, एकच नजर टाकून, झटकन घडी घालायची. पुढच्या पायरीवर पाय टाकायच्या आधी बोटांनी स्कर्ट उगाचच सारखा करायची. कुणाच्याही लक्षात येण्यासारखं नव्हतं. चौथ्या खेपेला थांबणं थोडं लांबलं. पाचव्या खेपेला आर्लेतचे ओठ आपोआप मिटले आणि तिची जीभ स्वतःच्या हिरडीवरून फिरली.

आज सांगायचं, हा प्रसंग झाला की लगेच, असं ती स्वतःशी म्हणाली. त्याच क्षणी तिला हेही कळलं की मान किती कलती करायची ते आपल्याला नेमकं सापडलंय.

"झालं. बदली मोकळी," आंसेल्म म्हणाला. "आर्लेत, ये."

जोझियान खाली आली, खोक्यावर टेकली, लोकर मांडीवर घेतली. सुया मात्र हातात घेतल्या नाहीत. आर्लेत जिन्याच्या वर जाऊन उभी राहिली. ग्रेगुआरने हलकेच खूण केली आणि कॅमेरा सुरू झाला.

आर्लेत उतरली.

एकदाच घेतलं. दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली नाही. ग्रेगुआरने थांबा म्हणायला उशीर केला, त्याला ते सुचलंच नसावं. दिवेवाले, जे कुणाच्या बापाला दाद देत नाहीत, ते हात खाली सोडून उभे होते. रंगभूषेवाली रडत होती. ग्रेगुआर जवळ आला आणि कुजबुजला.

"कुठून आणलंत हे, मादाम?"

"जुनं आहे," आर्लेत म्हणाली.

तिने दिव्यांच्या पलीकडे बघितलं. जोझियान अजून खोक्यावरच होती. तिचा हात तिच्या स्वतःच्या तोंडावर होता.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे कँटीनकडे गेले. सूपचा वास स्टुडिओच्या दारापर्यंत आला होता. जोझियान उठली आणि सावकाश चालत आर्लेतपाशी आली. कुणी बघेल ही लाज आता तिच्या चालण्यात नव्हती. दोन पावलांवर ती थांबली, उघड उघड, आणि तिने श्वास घेतला.

"मी तिथे थांबते ते कुणाला कळत नाही, असं वाटत होतं मला."

"जोझियान."

"रुमालाचंसुद्धा. माझ्या लेकीलाही ठाऊक नाही ते." ती रागावलेली दिसत नव्हती. एखादा हिशेब लागेना म्हणून थांबल्यासारखी वाटत होती. "फार चांगलं केलंत तुम्ही. मी बघत होते ना, तर मला वाटलं, ही बाई काही यातून वाचत नाही. ही कशाने मरतेय, मादाम?"

"लिहिलेलं नाही कुठे."

"लिहिलेलं नसू दे. तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असल्याशिवाय तुम्ही नुसता ग्लाससुद्धा उचलत नाही. सव्वीस वर्षं बघतेय."

आर्लेतने तोंड उघडलं. तिच्या गालावर रंगभूषेवालीने आणलेला फिकटपणा होता, त्यामुळे तिचा स्वतःचा रंग उतरला की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

"ते रक्त," जोझियान म्हणाली.

"हो."

"काय निघालं?"

आर्लेतने सांगितलं. डॉक्टरांनी जसं सांगितलं होतं तसं, शब्दाला शब्द. पाठांतर तिचं नेहमीच पक्कं होतं. इस्पितळाचं नाव, डॉक्टरांच्या मित्राचं नाव, सगळं सांगितलं. फक्त दोन महिन्यांचं ते वाक्य तिने गाळलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पाच आठवडे झाले."

जोझियानने मान हलवली. लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला, सुया एकात एक खोचून ठेवल्या, पिशवीचं तोंड बांधलं. मग खुंटीवरचा कोट काढून अंगावर घेतला. एक बटण लावायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला आणि आर्लेत मदतीला पुढे झाली, तशी ती मागे सरली.

"मी आजच सांगणार होते," आर्लेत म्हणाली. "हा प्रसंग झाल्यावर. शपथेवर सांगते."

"असेल." जोझियानने तिच्याकडे बघितलं, दिवे लावताना आंसेल्म बघतो तसं, एकेक गाल, कपाळ, डोळ्यांखाली. "मरायचा प्रसंग गुरुवारी आहे, नाही का? तो कुणाकडे बघून करणार होतात?"

आर्लेतची नजर जोझियानच्या बोटांवर गेली.

आंसेल्म तोंड पुसत परत आला. त्याच्यामागून दोघे दिवेवाले आले. चेहऱ्याच्या जवळच्या चित्रणासाठी दिवे हलवायचे होते.

"बदली जागेवर," तो म्हणाला. मग त्याला कोट दिसला. "कुठे निघालीस गं? अजून निम्मा दिवस आहे."

"डॉक्टरकडे. तूच म्हणालास ना."

"आणि इथे कोण बसणार?"

"मादाम बसतील," जोझियान म्हणाली आणि दाराकडे चालू लागली. चार पावलांवर थांबली, पुन्हा चालू लागली.

आंसेल्मने खांदे उडवले. आर्लेत जिन्यापाशी गेली आणि तिसऱ्या पायरीवर बसली. समोरचे तिन्ही दिवे एकदम लागले, आणि त्यांच्या पलीकडे दार उघडलं की मिटलं ते तिला दिसेना.

"मान थोडी डावीकडे," आंसेल्म म्हणाला. "हं. अशीच. आता तासभर हलायचं नाही."